अलिबाग ते जंजिरा: भरती-ओहोटी बघून आखायचे दोन दिवस

अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी. रायगडच्या या पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या पट्ट्यात आंग्र्यांचं आरमार, पोर्तुगीजांचं ठाणं आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची राजधानी एका रांगेत उभी आहेत. दोन दिवसांत हे नीट बघून होतं. तरीही निम्मे पर्यटक अलिबागसमोरचा पाण्यातला कुलाबा किल्ला काठावरूनच बघून परततात, कारण ते पोचतात तेव्हा वाटेवर पुरुषभर पाणी असतं. इथलं वेळापत्रक समुद्र ठरवतो. म्हणून हॉटेल शोधायच्या आधी कॅलेंडर उघडा.

आधी तिथी बघा

किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे चतुर्थीला सकाळी सव्वानऊच्या आसपास पाणी सगळ्यात खाली असतं. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

हा हिशोब दिवस निवडायला आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून नेमकी वेळ आणि पाण्याची उंची लिहून घ्या. ओहोटीपुढे मीटरमध्ये लिहिलेला आकडा जितका लहान, तितकी वाट कोरडी.

आता इथे नवखे हमखास चुकतात. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते, वेळ सोयीची, म्हणून लोक तोच दिवस धरतात. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. ओहोटीलाही वाटेवर पाणी राहतं. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे किल्ला बघून परतताना अंधार. चांगले दिवस यांच्या मधले. तृतीया ते पंचमीला ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान सापडते. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन ते चारच्या सुमारास. मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला चतुर्थी-पंचमी सगळ्यात सोयीची. पुण्याहून येणाऱ्यांनी त्रयोदशी धरावी, किंवा आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून जंजिऱ्याचा दगड तापतो. पावसाळ्यात गेटवेवरच्या प्रवासी बोटी आणि राजपुरीच्या होड्या बंद असतात. त्या दिवसांत किनारा हिरवागार आणि देखणा दिसतो, पण पाण्यातले किल्ले विसरा. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची अपेक्षा ठेवू नका.

पोचायचं कसं

मुंबईहून गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा बोटीने साधारण तास लागतो. बहुतेक बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. तिकीट घेताना विचारून घ्या आणि उतरल्यावर रेंगाळू नका, बस बोटीच्या माणसांनी भरली की सुटते. ओहोटी नऊ-दहाची असेल तर सकाळच्या पहिल्या बोटींपैकीच एक पकडावी लागते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, तिचं तिकीट आधी काढा, सुट्टीच्या दिवशी जागा मिळत नाही. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वडखळला गाड्या तुंबतात, तेवढी वेळ टाळली तर प्रवास सुखाचा.

गाडी नसेल तरी अडत नाही. अलिबाग एसटी स्थानकातून रेवदंडा आणि मुरूडच्या गाड्या सुटतात, गावागावांत मिनिडोअर रिक्षा चालतात. फक्त संध्याकाळनंतर दोन्ही कमी होतात. मुरूडची शेवटची गाडी कधी आहे ते स्थानकावर सकाळीच विचारून ठेवा.

कुलाबा: दोन तासांचा किल्ला

किल्ला अलिबागच्या किनाऱ्यापासून साधारण दीड किलोमीटरवर, चालत वीस-पंचवीस मिनिटं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. हातात दोन तास. त्यातला पाऊण तास जाण्यायेण्यात, उरलेला सव्वा तास किल्ल्याला पुरतो.

एवढी काटेकोर वेळ का, ते समजून घ्या. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. चार मीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात फूटभर वाढतं आणि तिसऱ्या तासात एकट्या मीटरभर. ‘आत्ता तर घोट्याएवढंच होतं’ म्हणणारा माणूस अर्ध्या-पाऊण तासात कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. शिवाय पाणी समोरून येताना दिसेल अशी वाट बघू नका. वाळूतल्या सखल पट्ट्या आधी भरतात, त्यामुळे तुम्ही कोरड्या खडकावर असता आणि तुमच्या आणि गावाच्या मध्ये पाणी आलेलं असतं.

उशीर झालाच तर चालायचं धाडस करू नका. घोडागाड्या बऱ्यापैकी पाण्यातून जातात. त्याही थांबल्या असतील तर किल्ल्यावरच थांबून होडीची चौकशी करा. लहान मुलं किंवा गुडघेदुखीची माणसं असतील तर जाता-येता घोडागाडीच घ्या आणि भाडं दोन्ही वेळचं आधी ठरवा.

पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. चप्पल ओल्या वाळूत रुतते, बूट भिजून जड होतात, अनवाणी चाललात तर खडकावरच्या कालवांच्या शिंपा तळवा चिरतात.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, पूर्ण झालं संभाजी महाराजांच्या काळात. कान्होजी आंग्र्यांनी हे आपलं मुख्य ठाणं केलं आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र चालून आले तरी दाद दिली नाही. आत शिरायच्या आधी तटाचे दगड जवळून बघा. भले मोठे चिरे एकावर एक रचलेत आणि सांध्यात चुना नाही. लाट आदळते तेव्हा पाणी त्या फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो. हातभर फटीत हात घालून पाहिलं की ही युक्ती पुस्तकापेक्षा लवकर कळते.

आत आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे आणि जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना हे पाणी गोडं. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफांपाशी सगळे फोटो काढतात. त्या आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं आहे, त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या, म्हणजे १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झाल्यानंतरच्या. हे माहीत असलं की तोच फोटो वेगळा दिसतो.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट लागतं. सुटे पैसे ठेवा. परत आल्यावर गावात कान्होजींची समाधी बघा. ते १७२९ मध्ये वारले. किनाऱ्यावर गर्दी, तर समाधीपाशी बहुधा कुणी नसतं, हे मनाला लागतं. दहा मिनिटं तरी द्यावीत.

आक्षी, चौल, रेवदंडा: घाई करू नका

अलिबागहून रेवदंडा सतराएक किलोमीटर. नकाशावर अर्धा तास दिसतो, लागतो पाऊण ते एक. रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अरुंद जातो, समोरून एसटी आली की थांबावं लागतं. हा उशीर वाटू देऊ नका, कोकण बघायचं ते इथेच.

आक्षी गावात शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा असं वाचन झालेला हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये गणला जातो. अक्षरं झिजलेली आहेत. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तरच ओळी उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर नुसता दगड दिसेल. हात फिरवू नका, खडूने तर अजिबात रंगवू नका.

चौल हे फार प्राचीन बंदर. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने ज्याला ‘सिमिल्ला’ म्हटलं ते हेच असं मानतात. १४६९ मध्ये अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे उतरला, वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी. त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. चौलमध्ये रामेश्वराचं मंदिर जरूर बघा. सभामंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत, तीही फरसबंदीखाली झाकलेली. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची इथे परंपरा आहे. पुजाऱ्यांना विचारलं तर जागा दाखवतात. दत्ताच्या डोंगराला सातशेवर पायऱ्या आहेत. दोन दिवसांच्या बेतात त्या बसत नाहीत. दत्तजयंतीच्या यात्रेला वेगळं यावं.

रेवदंडा हा गाव किल्ल्यात नाही, किल्लाच गावभर पसरलेला आहे. रस्ता पोर्तुगीजांच्या तटातून आत शिरतो आणि पुढे तटातूनच बाहेर पडतो. त्यामुळे ‘किल्ला कुठे आहे?’ असं विचारत लोक किल्ल्याच्या मधोमध उभे असतात. गाडी गावात एका बाजूला लावा आणि पायीच फिरा. सातखणी मनोरा शोधा. फ्रान्सिस्कन चर्चचा हा उंच बुरूज, आज त्याचे सगळे मजले शिल्लक नाहीत, पण पोफळीच्या झाडांच्या वर डोकं काढून उभा आहे. चर्चचे बाकीचे अवशेष लोकांच्या खाजगी वाड्यांमध्ये आहेत. बेड्याबाहेरून, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेरून हाक मारा, ‘काका, आत येऊन बघू का?’ म्हणा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. न विचारता शिरलात, शहाळ्याला नाहीतर सुपारीला हात लावलात, तर मात्र चार शब्द ऐकावे लागतील आणि ते योग्यच.

बेने इस्रायली या ज्यू समाजाचं मूळ याच पट्ट्यात आहे. अलिबाग आणि रेवदंडा दोन्हीकडे त्यांची सिनेगॉग आहेत. तेलाच्या घाण्यांचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सिनेगॉगमध्ये परवानगीनेच जा, डोकं झाका, शनिवार टाळा.

कोर्लई: संध्याकाळ इथे घालवा

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिका खाडीच्या दुसऱ्या बाजूला कोर्लईची डोंगरसोंड समुद्रात घुसलेली दिसते. कोर्लई गावातली गल्ली अरुंद आहे. तिच्यातून पलीकडे दीपगृहापर्यंत गाडी जाते. मोठी गाडी असेल तर ती गावाबाहेर लावून चालत जाणं बरं. दीपगृहाच्या मागून पायऱ्या किल्ल्यावर जातात, वीस ते तीस मिनिटांची चढण. सावली नाही, वर प्यायचं पाणी धरून चालू नका. माणशी लिटरभर बरोबर घ्या. चारला चढायला लागा म्हणजे माथ्यावरून डावीउजवीकडे एकाच वेळी खाडी आणि उघडा समुद्र दिसतो, खाली परतणाऱ्या होड्या. सूर्य बुडायची वाट बघत बसलात तर उतरताना ढिसाळ पायऱ्यांवर अंधार होतो, टॉर्च ठेवा.

किल्ल्याइतकंच मोलाचं काही खाली गावात आहे. इथले ख्रिस्ती कुटुंबीय घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली, जगात फक्त याच गावची. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांना दिला आणि ते गेले. भाषा मागे राहिली. गेल्या पावणेतीनशे वर्षांत ती आयांनी मुलांना शिकवूनच टिकली. बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. गावकऱ्यांशी मराठीत गप्पा सुरू करा, मग ‘तुमच्या भाषेत याला काय म्हणता?’ विचारा. आल्या आल्या तोंडासमोर मोबाईल धरला तर गप्पा तिथेच संपतात.

काशीद आणि मुरूड: पाण्यात उतरताना

काशीदची वाळू पांढरी आणि किनारा सुंदर आहे. पोहायला मात्र तो वाईट आहे. उतार एकदम येतो, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिसायला तोही किनारा उथळ आणि शांत. नियम सरळ आहेत: ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये, गुडघ्याच्या वर जाऊ नये, दारू घेऊन तर जाऊच नये. स्थानिक माणसाने ‘इथे नको’ म्हटलं की वाद घालू नका.

मुक्काम मुरूडला करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहिली होडी सापडते. घरगुती खानावळीत जेवायचं असेल तर चार-पाच तास आधी फोन करून माणसं आणि मासळी सांगा; वाटण ताजं करतात, आयत्या वेळी गेलात तर उरलंसुरलं मिळेल. थंडीत वाटेवर कुठे पोपटीची पाटी दिसली तर सोडू नका: वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरून, मडकं उपडं करून भोवती जाळ लावतात. अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून ही ऑर्डरही आधीच.

जंजिरा: सकाळची पहिली होडी

मुरूडहून राजपुरी पाचेक किलोमीटर. आठच्या आसपास धक्क्यावर असा. दिवस वर आला की वारा वाढतो, होडी हलते आणि सुट्टीच्या दिवशी रांग तास-दीड तासाची होते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या थांबतात. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा की होड्या चालू आहेत ना. दुरुस्तीमुळे किंवा हवामानामुळे कधी कधी बंद ठेवतात.

होडीचं तिकीट वेगळं, माहिती सांगणाऱ्याचे पैसे वेगळे. बसण्याआधी दोन गोष्टी विचारा: किल्ल्यावर किती वेळ मिळेल, आणि याच होडीने परत की कुठल्याही? साधारण पाऊण तास देतात. २२ एकरांच्या किल्ल्याला तो अपुरा आहे. चार-सहा जण मिळून दीड तासाचं बोलून घेतलं तर जमू शकतं.

होडीतून पुढे बघत राहा. दरवाजा राजपुरीच्या बाजूलाच आहे, तरी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड लपवलाय. चढाई करणाऱ्या माणसाला नेमकं हेच कळत नसे. राजपुरीच्या किनाऱ्याकडे मागे वळून अंतरही पाहून घ्या. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी इथून समुद्रात भराव घालून सेतू बांधायला घेतला होता.

अपघात होतो तो उतरताना. होडी लाटेबरोबर वरखाली होते आणि ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. होडी वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा पिशवीत, मूल नावाड्याच्या हातात.

दरवाज्यापाशी शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं शिल्प बघा, त्याने सहा हत्ती पकडलेत. सिद्दींची मस्ती त्या एका दगडात उतरली आहे. मग सगळे डावी-उजवी करत कलालबांगडी तोफेकडे जातात. वेळ कमी असेल तर तोफ, गोड्या पाण्याचं मोठं तळं आणि मागचा पश्चिमेचा तट, या क्रमाने फिरा. तटावर कठडा सगळीकडे नाही आणि गवतात खड्डे झाकलेले असतात, फोटोसाठी मागे सरकू नका. किल्ला १९४८ पर्यंत सिद्दींकडेच होता, संस्थान विलीन होईपर्यंत.

परतल्यावर राजपुरीजवळच खोकरीचे घुमट आहेत. सिद्दी घराण्यातल्यांच्या तीन कबरी, सगळ्यात मोठी सिरुलखानाची. दगडातली जाळी बारकाईने बघा. जंजिऱ्याच्या गर्दीतला जेमतेम एखादा माणूस इथवर येतो.

हातात अर्धा दिवस असेल तर पद्मदुर्ग

मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, सिद्दीला आळा घालायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. नेहमीची होडी नाही. एकदऱ्याच्या कोळीवाड्यात बोलून पूर्ण होडी ठरवावी लागते. जायचं की नाही ते समुद्र बघून तेच ठरवतात. परवानगी लागते का तेही त्यांनाच विचारा. वाटेत बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील आणि पसरलेली जाळी असतात, त्यांच्यावरून चालू नका.

तिथे बघायचं ते तटाच्या बाहेरच्या अंगाला. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन दगड आत झिजलेत, मधला चुना मात्र तसाच उभा आहे. प्रत्येक चिऱ्याभोवती चुन्याची चौकट बाहेर आलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. कुलाब्याच्या तटात चुना नाही म्हणून तट टिकला, इथे चुनाच दगडापेक्षा जास्त टिकला. दोन दिवसांच्या अंतराने हे दोन तट बघितले की त्या गवंड्यांना समुद्र किती कळत होता ते दिसतं.

इथून परत फिरायचं नसेल तर जवळच्या आगरदांड्याहून दिघीला जंगर, म्हणजे गाड्या नेणारी बोट जाते, गाडीसकट. पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. परतायचं असेल आणि फेब्रुवारी ते मेचा काळ असेल, तर अलिबागजवळ रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माळ घेताना मुळाकडचा भाग दाबून बघा, मऊ लागला तर ती नको. घरी नेऊन वाऱ्यावर टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आठवड्यात सडेल.